बेंदराला सोडायचं, दसऱ्याला जोडायचं

भोरच्या कचेरीच्या ओट्यावर बसून नाना जन्मभर दुसऱ्यांच्या जमिनी विकत आले. दस्तलेखक होते. खरेदीखत, गहाणखत, वाटणीपत्र, जे म्हणाल ते त्यांच्या टाकातून झरझर उतरे आणि त्यांनी लिहिलेल्या दस्तात वकिलालाही फट सापडत नाही अशी त्यांची ख्याती होती. हाच माणूस भोरातला सगळ्यात नावाजलेला हुतुतूचा संघ चालवायचा. आता त्याला सगळे कबड्डी म्हणतात, नाना मरेपर्यंत हुतुतूच म्हणाले. पण संघातल्या एकाही गड्याशी त्यांनी कधी एका ओळीचा कागद केला नाही. मी एकदा कारण विचारलं तेव्हा टाक दौतीत बुडवत म्हणाले, "जमीन पळून जात न्हाई, म्हणून तिचा कागद करत्यात. माणूस पळतो. पळणाऱ्याचा कागद करून काय चाटायचाय?"

मी तेव्हा त्याच कचेरीत कारकून होतो, वाईहून बदलून आलेला. खेळातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. तरी भोरात येऊन महिना होतो न होतो तोच मी संघाचा चिटणीस झालो, कारण माझी खोली नानांच्या घरासमोर होती आणि मला तोंडावर नाही म्हणता येत नव्हतं. नानांना या दोन्ही गोष्टी पहिल्या दिवशीच कळल्या असाव्यात. तेव्हापासून त्यांनी मला नावाने कधी हाक मारली नाही. बाजारात, देवळात, एकदा तर मामलेदारांच्या समोर, "ओ चिटणीस!"

माणूस दिसायला किरकोळ. काळी टोपी, गळ्यापर्यंत बटणं लावलेला कोट, आणि कोटाच्या दोन्ही खिशांत मैदान आखायची पांढरी फक्की. त्यामुळे त्यांच्या बाजूने चालणाऱ्याचे कपडे संध्याकाळपर्यंत पांढरे होत. पक्षकाराला दस्त देताना कागदावर बोटांचे पांढरे ठसे उमटायचे. भोर तालुक्यातल्या जुन्या दस्तांवर ते ठसे अजून असतील. बायको लवकर गेली होती, मूलबाळ नव्हतं. घर दोन खोल्यांचं, त्यातल्या एका खोलीत दस्तांचे कच्चे मसुदे आणि दुसऱ्या खोलीत संघ.

नानांचं सगळं चालचलन एका म्हणीवर उभं होतं, आणि ती म्हणही त्यांचीच. "बेंदराला सोडायचं, दसऱ्याला जोडायचं."

आखाडात बेंदूर, म्हणजे आमच्याकडचा बैलपोळा, येतो. आदल्या दिवशी शेतकरी बैलांची खांदेमळणी करतो. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्याला हळद-तेल चोळतो आणि दुसऱ्या दिवशी बैलाला कामाला लावत नाही. नाना बेंदराच्या दिवशीच आपल्या गड्यांना घरी बोलवायचे, रांगेने बसवायचे आणि वाटीत हळद-तेल कालवून एकेकाचे खांदे, मग गुडघे स्वतःच्या हाताने चोळायचे. रांगडे, मिशा फुटलेले गडी, पण त्या वेळी पोराबाळांसारखे खाली मान घालून बसत. सगळ्यांचं झालं की नाना हात पुसत म्हणायचे, "सुटलात. आता तुमी कुनाचं न्हाई. जिथं चार घास जास्त मिळत्याल तिथं जावा. माझी आठवण झाली तर दसऱ्याला सोनं घेऊन या."

आणि त्या क्षणापासून दसऱ्यापर्यंत नाना गड्यांशी बोलत नसत. अक्षरशः एक शब्द नाही. समोरून गडी आला की रस्ता ओलांडून पलीकडे जात. हॉटेलात गडी बसलेला दिसला तर भिंतीकडे तोंड करून चहा पीत. नव्या माणसाला वाटे, यांचं भांडण झालंय. मलाही तसंच वाटलं होतं. मी मध्यस्थी करायला गेलो तर म्हणाले, "चिटणीस, माझं तोंड बगून जो ऱ्हाईल तो भिडंखातर ऱ्हाईल. भिडंचा गडी चढाईला गेला की अर्ध्यातनं माघारी येतो. त्याचं त्याला ठरवू द्या."

पावसाळ्यात आमच्याकडे मैदानांची तळी होतात. खेळ बंद. पण खेळाडू पळवायचा हंगाम तोच. पुण्या-साताऱ्याचे संघ, कारखान्यांचे, गिरण्यांचे संघ आपली माणसं मावळात धाडायचे. ती माणसं छत्र्या सावरत, चिखल तुडवत गावोगाव फिरायची आणि कुणाला नोकरीचं, कुणाला सायकलचं आमिष दाखवायची. बाकीच्या संघांचे अध्यक्ष या दिवसांत आपले गडी लपवून ठेवत. एकाने तर आपला चांगला गडी बहिणीकडे घाटाखाली नेऊन ठेवला होता, तो दसऱ्यापर्यंत तिथेच भाताची खाचरं लावत बसला. नाना उलटे. परसंघाचा माणूस आला की त्याला कचेरीच्या ओट्यावर बसवायचे, चहा मागवायचे आणि आपल्याच गड्यांची माहिती द्यायचे. तीही दस्ताच्या भाषेत.

"लिवून घ्या पाव्हणं. पूर्वेस उजवी लाथ, चांगली. पश्चिमेस डावी लाथ, ती बी चांगली. उत्तरेस डोकं, तापट. दक्षिणेस पोट, सकाळी रिकामं ऱ्हायलं तर गडी खेळायचा न्हाई. येणेप्रमाणे चतुःसीमापूर्वक मिळकत, झाडझाडोरा, दगडधोंड्यासह, बिनबोजा. कुनी हिल्ला-हरकत केली तर म्या निवारून दीन."

हसू यायचं, पण त्यात खोट नसायची. कुणाचा गुडघा बोलणार असेल तर ते आधी सांगत. कुणी पिणारा असेल तर तेही. आपला गडी दुसऱ्याच्या गळ्यात मारायचा म्हणून कधी वाढवून सांगितलं नाही, आणि आपल्याकडे राहावा म्हणून कधी कमी करून सांगितलं नाही. पुढे पुढे साताऱ्याची माणसं दुसऱ्या संघाच्या गड्याबद्दल विचारायलाही नानांकडे येत. "नाना म्हणाले का? मग झालं," असं बोललं जाई. दस्तापेक्षा त्यांच्या तोंडच्या शब्दाला भाव होता.

त्यांची बक्षिसंही अशीच तऱ्हेवाईक. बेंदरालाच, खांदेमळणीच्या आधी, ती वाटली जात. निवड समितीत नाना एकटे. तरी ते माझ्यासमोर बसून स्वतःशीच वाद घालायचे, एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने, आणि मग म्हणायचे, "चिटणीस, बहुमतानं ठरलं." जास्त गुण घेणाऱ्याला बक्षीस नाही. त्याला वर्षभर टाळ्या मिळाल्या, तेवढं पुरे. बक्षीस मिळे जो सबंध हंगाम बाहेर बसून राहिला आणि तरी सरावाला चुकला नाही त्याला. आणि सगळ्यात मोठं बक्षीस, बाजारातून आणलेला पितळी तांब्या, मिळे खऱ्या गड्याला. खरा गडी म्हणजे पंचाला दिसलं नसताना ज्याने स्वतः हात वर करून "मला लागलं, मी बाद" असं सांगितलं तो. यामुळे आम्ही काही सामने हरलो. नाना अशा दिवशी विशेष खुशीत असत.

तो तांब्या एका साली आंबवड्याच्या यशवंताला मिळाला. यशवंत बौद्ध घरातला. एका गावच्या जत्रेत खेळायला गेलो तेव्हा यजमानांनी ओसरीवर सगळ्यांची पानं मांडली आणि यशवंताचं पान खाली अंगणात, गोठ्याकडेला. नानांनी आपलं पान उचललं आणि अंगणात त्याच्या शेजारी जाऊन बसले. मग एकेक करत सगळे गडी उठले. यजमान घाबरून आला तेव्हा नाना भात कालवत म्हणाले, "आमच्या संघाचा सातबारा एकच हाय, पाटील. पोटहिस्सा पडत न्हाई." मीही अंगणातच जेवलो. पावसाचे दोन थेंब आमटीत पडले, पण तसं जेवण मला पुन्हा मिळालं नाही.

किसन त्यांना सापडला तो भाताच्या खाचरात. नवीन गडी शोधायची नानांची तऱ्हा अशी की पोराचे दंड बघायचे नाहीत, आवणी, म्हणजे भातलावणी, चालू असताना चिखलात तो पाय कसा उचलतो ते बघायचं. भर पावसात छत्री घेऊन ते बांधावर तासन् तास उभे राहत. यात एकच घोटाळा होई. नाना दस्तलेखक, हे पंचक्रोशीला ठाऊक. ते ज्याच्या बांधावर उभे राहिले त्याची जमीन विकायला निघाली अशी बोंब संध्याकाळपर्यंत गावभर होई. एकदा दोन सख्खे भाऊ यावरून वैरी झाले. प्रत्येकाला वाटलं की दुसऱ्याने चोरून नानांना बोलावलं. नानांनी दोघांना समजावलं तेव्हा कुठे ते थांबले, आणि दोघांपैकी एकाचाही पाय चिखलातून नीट उचलत नव्हता तो नव्हताच.

गुंजवण्याला, राजगडाच्या खालच्या अंगाला, असेच ते एका बांधावर उभे राहिले. खाचरात मायलेक आवणी करत होते. किसनची आई विधवा, तिच्या पदरी किसन आणि एक धाकटी मुलगी. ती हातातली रोपं टाकून तरातरा आली. "आमाला जमीन इकायची न्हाई."

"जमीन नको मला, वयनी," नाना म्हणाले. "पोरगं पायजे."

ती बिचारी जास्तच घाबरली. मग बराच वेळ समजावणं झालं आणि त्या हिवाळ्यात किसन भोरला आला. दिवसा लाकडाच्या वखारीत काम करी, संध्याकाळी नीरेच्या काठच्या मैदानावर सराव, आणि राहायला नानांकडे. नानांनी मसुद्यांचे गठ्ठे हलवून त्याच्यासाठी खाट टाकली.

किसनसारखी चढाई मी नंतर पाहिली नाही. मला खेळ कळत नव्हता, पण किसन मध्यरेषा ओलांडून गेला की मलाही गुण लिहायचं भान राहत नसे. त्याचा दम जात्याच्या घरघरीसारखा, खालच्या पट्टीत, एका लयीत. सात जण अंगावर असले तरी ती घरघर तुटायची नाही. नाना मैदानाच्या कडेला डोळे मिटून बसत. बघत नसत, नुसतं ऐकत. तो परत आला की डोळे उघडत. घरी मात्र त्याला कधी शाबास म्हणाले नाहीत, बेंदराला बक्षीसही नाही. किसन दर वर्षी तांब्याकडे आशेने बघायचा आणि दुसऱ्याला मिळाला की हसून टाळ्या वाजवायचा. आईच्या खालोखाल त्याचा जीव नानांवर होता. दोघं चुलीपाशी बसून भाकऱ्या थापायचे, त्यात किसनच्या गोल व्हायच्या आणि नानांच्या कुठल्यातरी गावच्या नकाशासारख्या.

दर बेंदराला तो सुटायचा, गुंजवण्याला जाऊन भात लावायचा, आणि दर दसऱ्याला पहिलं सोनं त्याचं असायचं.

मग एका श्रावणात मुंबईच्या एका कापडगिरणीचा माणूस आला. नानांनी त्याला ओट्यावर बसवलं आणि किसनची चतुःसीमा सांगितली, आणि पहिल्यांदाच त्यांना सांगायला एकही दोष सापडला नाही. तो माणूस तडक गुंजवण्याला गेला. कायमची नोकरी, राहायला गिरणीची खोली, अर्धा दिवस काम आणि अर्धा दिवस सराव. किसनने विचार करून सांगतो म्हटलं. गिरणीवाल्याने दसऱ्याच्या आठवड्यापर्यंत थांबायचं कबूल केलं.

गणपती गेल्यावर एका दुपारी किसनची आई कचेरीत आली. पायऱ्यांशी बसून राहिली. पक्षकार पांगल्यावर वर आली. मी दारातच होतो.

"नाना, किसनला सोडा."

"बेंदरालाच सोडला की, वयनी. म्या कुठं धरलाय त्याला?"

"धरलं न्हाई म्हणूनच सुटंना," ती म्हणाली. "दाव्यानं बांधला असता तर हिसडा मारून कवाच गेला असता. तुमी मोकळा सोडता, मग त्यो जागचा हालत न्हाई. गिरणीला न्हाई म्हनतोय. नाना येकटं हाईत, म्हनतो."

नानांनी टाक खाली ठेवला.

"मला डोळ्यानं दिसंना झालंय. पोरीचं लगीन हाय. असली नोकरी परत दारात यायची न्हाई. तुमच्या पाया पडते."

ती खरंच वाकली. नानांनी पाय मागे घेतले आणि म्हणाले, "दसऱ्याला बगू." त्या दिवशी त्यांनी एका दस्तात पूर्व आणि पश्चिम यांची अदलाबदल केली. पक्षकाराच्याच लक्षात आलं म्हणून बरं.

संध्याकाळी नीरेच्या काठाने आम्ही चालत होतो. मी म्हटलं, "त्याला सरळ सांगा, जा म्हणून."

"जा म्हटलं की मुळं धरंल," नाना म्हणाले. "ओळखतो मी त्याला. त्याला वाटंल, नाना माझ्या भल्यासाठी मन मारत्यात."

"मग राहू दे."

"आन् त्याची आई?"

आम्ही तसेच परत आलो. पाच-सहा वर्षं ज्याच्यावर संघ उभा होता तो गडी जाणार, याचं दुःख त्यांना होतंच. पण त्याहून मोठं दुःख हे होतं की आपण ज्याला मोकळं सोडणं समजत होतो तेच पोराच्या पायात अडकलं. हे मला तेव्हा पुरतं कळलं नव्हतं. मला एवढंच दिसत होतं की नाना चालताना दोनदा ठेचकाळले.

दसऱ्याला मैदानावर आम्ही शिट्टीची आणि फक्कीच्या घमेल्याची पूजा केली. गडी आपट्याची पानं घेऊन जमले. किसन पहिल्या गाडीने आला होता. नवा सदरा, कपाळाला गुलाल. नेहमीप्रमाणे तो सगळ्यांत पुढे आला, वाकला आणि सोनं पुढे केलं.

नानांनी हात पाठीमागे बांधले.

"हे सोनं दुसऱ्याला दे, किसन."

किसनला वाटलं, थट्टा आहे. "का वो, नाना?"

"तुजा दम सरलाय."

नाना त्याच्याकडे न बघता बोलत होते, दस्त वाचून दाखवावा तसे. "गेल्या हंगामात फलटणच्या सामन्यात तू दम चोरून माघारी आलास. मधी आवाज तुटला व्हता. पंचाला कळलं न्हाई, मला कळलं. चढाईचा गडी म्हणून तू आता ऱ्हायला न्हाईस. गिरणीला पकडीचा गडी पायजे. त्यांला म्या सांगितलंय. तू जा. माझ्याकडं तुला जागा न्हाई."

किसनचा चेहरा मी अजून विसरलेलो नाही. तो रागावला नाही. तो आठवत होता. फलटणचा सामना डोळ्यांपुढे आणून त्यात आपला तुटलेला आवाज शोधत होता.

"खरं सांगताय, नाना?"

"म्या कवा खोटं सांगितलं?"

किसनने पानं सदऱ्याच्या खिशात घातली, नानांच्या पायाला हात लावला आणि एसटी स्टँडच्या दिशेने गेला. दुसऱ्या आठवड्यात तो मुंबईला रुजू झाला.

फलटणच्या सामन्याला गुण लिहायला मी होतो. किसनचा आवाज कुठेही तुटला नव्हता. उलट त्या दिवशी नानांनी डोळे मिटले होते ते सामना संपेपर्यंत उघडले नव्हते. मी तसं म्हटलं. नानांनी नुसता हात वर केला. "हे तुमच्या पोटात ऱ्हाऊ द्या, चिटणीस."

त्यानंतर नाना पहिल्यासारखे राहिले नाहीत. पुढच्या श्रावणात साताऱ्याचा माणूस एका गड्याची चौकशी करायला आला तर म्हणाले, "दुसऱ्याला विचारा. माझा शब्द बाटलाय." त्याला वाटलं, नाना भाव खातात. बेंदराला खांदेमळणी झाली, पण हात पुसून झाल्यावर त्यांनी "सुटलात" म्हटलं नाही. गडी थोडा वेळ वाट बघत बसले आणि मग आपणच उठून गेले. दोन हिवाळे संघ कसाबसा चालला, मग बंद पडला. यशवंत शिक्षक झाला, बाकीचे शेतीला लागले. किसनची आई दर दिवाळीला गुंजवण्याहून आंबेमोहोर तांदूळ पाठवायची. नाना तो शिजवून खायचे, पण तो कुणाकडून आला हे बोलायचे नाहीत. किसनच्या बहिणीच्या लग्नालाही ते गेले नाहीत. मी जाऊन आलो आणि सांगितलं की लग्न थाटात झालं, पोरगी चांगल्या घरी पडली. त्यांनी सगळं दोनदा सांगायला लावलं.

पुढे माझी बदली पुण्याला झाली. तिथे एका मोठ्या स्पर्धेत त्या गिरणीचा संघ येणार असं कळलं तेव्हा मी नानांना निरोप पाठवला. येतील असं वाटलं नव्हतं, पण आले. तीच टोपी, तोच कोट. खिशात फक्की मात्र नव्हती. आम्ही चार वाजताच जाऊन पुढच्या बाकावर बसलो.

किसन डाव्या कोपऱ्यात उभा होता. अंगाने भरला होता, मिशी राखली होती. पकड अशी करायचा की समोरचा गडी जागेवर खिळून राही. लोक त्याचं नाव घेऊन ओरडत होते. पण त्याचा संघ चढाईला दुसऱ्यांनाच पाठवत होता. नाना माझ्या कानाशी म्हणाले, "आता जाईल." पुन्हा थोड्या वेळाने म्हणाले, "आता जाईल." तो गेला नाही. शेवटी गिरणीचे चढाईचे गडी बाद झाले. मैदानात किसन आणि एक नवखा पोरगा एवढेच उरले, थोड्याच गुणांचा फरक होता. नाना बाकाच्या कडेला सरकले आणि त्यांनी डोळे मिटले. किसनने मान हलवली आणि त्या पोराला पुढे केलं. पोरगा अर्ध्यातच सापडला. सामना गेला.

आमच्या पुढे जमिनीवर गिरणीचा एक माणूस टॉवेल घेऊन बसला होता. नानांनी त्याच्या खांद्याला हात लावला. "ह्यो चढाईला का जात न्हाई?"

"किसनराव?" तो म्हणाला. "ते कधीच जात नाहीत. दम नाही म्हणतात. आमच्या साहेबांनी डॉक्टरकडून तपासून घेतलं. डॉक्टर म्हणाला, छाती बैलासारखी आहे. पण ऐकतील तर शपथ. गावाकडं त्यांचे कुणी म्हातारे आहेत, त्यांनी सांगितलंय म्हणे. डॉक्टर चुकेल पण ते चुकायचे नाहीत, म्हणतात."

नाना परत बाकावर मागे टेकले. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. मला धीर झाला नाही.

बक्षीस समारंभात उत्कृष्ट पकडीचं बक्षीस किसनला मिळालं, चांदीसारखा चमकणारा लहानसा पेला. तो घेऊन उतरताना त्याने आम्हाला पाहिलं आणि माणसांतून वाट काढत धावत आला. नानांच्या पायावर डोकं ठेवलं आणि पेला त्यांच्या हातात दिला.

"ह्यो तुमचा. तुमी त्या दिवशी तोंडावर खरं सांगितलं म्हणून पकड शिकलो. न्हाईतर दम सरलेला घेऊन चढाया करत बसलो असतो आन् दोन वर्सांत गिरणीनं हाकलला असता. आईच्या डोळ्यांचं आपरेशन झालं, भन उजवली, समदं तुमच्यामुळं."

नानांनी पेला बाकावर ठेवला. "किसन, म्या त्या दिवशी खोटं बोललो."

किसन माझ्याकडे बघून हसला. मग त्याने नानांचा हात हातात घेतला, आजारी माणसाचा घेतात तसा. "नाना, आता माझं मन राखाय खोटं बोलू नका. तुमच्या तोंडाला शोभत न्हाई ते."

"फलटणला तुजा दम तुटला न्हवता."

"तुटला व्हता," किसन शांतपणे म्हणाला. "आधी मलाबी ध्यानात आलं न्हवतं. पर तुमी सांगितल्यावर म्या आठवून आठवून बगितलं. आता सपष्ट आठवतंय. त्यांच्या उजव्या कोपऱ्यापाशी तुटला व्हता."

त्याला कुणीतरी फोटोसाठी हाक मारली. पुढच्या दसऱ्याला भोरला येतो म्हणाला आणि गेला.

मी नानांना स्वारगेटला भोरच्या गाडीत बसवून दिलं. गाडी सुटायच्या बेतात असताना त्यांनी खिडकीतून मला जवळ बोलावलं.

"दस्तात चूक झाली, चिटणीस, तर चूकदुरुस्तीचा दस्त करता येतो," ते म्हणाले. "त्याला तर न झालेलं आठवतंय. ह्याची दुरुस्ती कुठं करायची?"

कंडक्टरने घंटी मारली आणि गाडी निघाली. दसऱ्याला किसन ठरल्याप्रमाणे सोनं घेऊन भोरला आला. नाना भाद्रपदातच गेले होते.